मोहाचा मोसम

इंग्लंडांतील जुन्या शेतवाड्यांचें वर्णन वाचूं लागावें, तों एक गोष्ट पुनः पुनः नजरेस येते. शेतकऱ्याची बायको आपल्या दुभत्याच्या खोलींत जें चीज करी, तें वर्षभर एकसारखें कधींच नसे. गाई वसंतांत व्यायच्या. मे-जूनच्या कोवळ्या गवतावर दूध उतूं जाई आणि त्या दुधाचें चीज पिवळसर होई. हिवाळ्यांत वाळल्या गवतावरचें दूध थोडें व फिकें. चेशायर परगण्यांत वसंतांतलें चीज लवकर मुरे म्हणून तें आधीं खाऊन संपवीत, आणि मागाहून केलेलें टिकाऊ चीज राखून ठेवीत. स्टिल्टन जातीचें चीज उन्हाळा सरतांनाच्या दुधाचें, तें नाताळच्या मेजवानींत कापावयाचें. हवा कोंदट झाली, गडगडूं लागलें, कीं दूध नासण्याची धास्ती. तळघर फार कोरडें पडलें तर चीजास भेगा, फार ओलें राहिलें तर नको ती बुरशी. उन्हाळ्यांत घरांत न मावणारें दूध हिवाळ्यापर्यंत पोंचविण्याची ही युक्ति होती, आणि तिच्या प्रत्येक पायरीला हवामानाचा हात लागलेला असे.

हें सारें इतक्या आस्थेनें लिहून ठेवलेलें पाहून आमच्या मनांत नेहमीं एक प्रश्न येतो. ऋतूशीं इतकें बांधलेलें, घरोघरीं होणारें, पुढच्या अडचणीच्या महिन्यांसाठीं राखून ठेवावयाचें असें खाद्य आपल्याकडे कोणतें, आणि त्याचा इतिहास आपण किती आस्थेनें पाहिला?

निदान चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरतें तरी या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या आसऱ्याचा हा अरण्यमय मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली निराळा झाला. तोंपर्यंत हा एकच जिल्हा होता, आणि पूर्वीं त्याला चांदा म्हणत. येथें चीज शोधूं जाण्यांत अर्थ नाहीं. दक्षिणेकडील माडिया लोक तर जुन्या चालीप्रमाणें गाईचें दूध काढीतच नसत. तें वासराचें, अशी त्यांची समजूत. परंतु तिकडे जें काम दुधानें केलें, तें इकडे एका झाडाच्या फुलानें केलें आहे. तें झाड मोहाचें.

संस्कृतज्ञ वाचकांस मधूक परका नाहीं. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीच्या लग्नाच्या शृंगारांत मधूकाच्या फुलांची माळ आहे, आणि चरकसंहितेंत ज्या दहा फुलांचीं आसवें सांगितलीं आहेत त्यांत मधूकाचें नांव आहे. म्हणजे अलंकार व मद्य या दोन्ही नात्यांनीं आपल्या ग्रंथकारांना हें फूल चांगलें परिचित होतें. गोरगरिबांच्या घरचें अन्न या नात्यानें त्याच्याकडे पाहण्याची फुरसत मात्र पंडितांना क्वचित् मिळाली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें १७८८ त आपल्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यांत लेफ्टनंट चार्ल्स हॅमिल्टन या लष्करी अधिकाऱ्याचा मोहाच्या झाडावर एक स्वतंत्र लेख आहे. फुलें खातात, त्यांची दारू गाळतात, बियांचें तेल काढतात, हें सर्व त्यानें एकाच बैठकींत सांगितलें. पुढें सरकारदरबारीं यांतील दारू तेवढी लक्षांत राहिली.

पण आधीं मोसमाकडे पाहूं; कारण पुढील सर्व इतिहास त्यावर उभा आहे.

माघ-फाल्गुनांत मोहाचीं पानें गळतात. उघड्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे झुबके लागतात, आणि मार्च महिना निम्मा सरतां सरतां फुलें पडूं लागतात. मोहाचें फूल तोडीत नाहींत. तें रात्रीं उमलतें आणि उत्तररात्रीं आपण होऊन खालीं येतें. खालीं येतो तो फिकट पिवळा, रसानें टच्च भरलेला, मोठ्या मण्यासारखा भाग. पहांटे अंधारांतच बायकामुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात व ऊन चढण्याच्या आंत वेचणी आटोपतात. उशीर केला तर गुरें आणि हरणें आपला वाटा घेऊन जातात. अस्वलाला तर या फुलाचें विलक्षण वेड. वेचणीच्या दिवसांत अस्वलाशीं, आणि अलीकडे वाघाशींही, गांठ पडून माणसें जखमी झाल्याच्या, प्रसंगीं प्राणास मुकल्याच्या बातम्या या जिल्ह्यांतून येत असतात. चीज करणाऱ्या इंग्रज बाईस निदान हें भय नव्हतें!

एका झाडाची गळती दोन-तीन आठवडे चालते. सर्व झाडें एकाच दिवशीं फुलत नाहींत, म्हणून गांवाचा मोसम त्याहून कांहींसा लांबतो. येवढ्याशा अवधींत आभाळ कसें राहील यावर सर्व कांहीं अवलंबून. वेचणाऱ्या लोकांचा अनुभव असा कीं, आभाळ निरभ्र व दिवस कोरडा असला म्हणजे फूल भरपूर पडतें. ढग दाटून राहिले कीं गळती मंदावते. वावटळ सुटली तर फूल पाचोळ्यांत उधळलें जातें. आणि गारा पडल्या तर कळ्यांचे झुबकेच तुटून खालीं येतात. त्या झाडाचें त्या वर्षाचें काम तेथेंच संपलें.

फुलें वेचून घरीं आणलीं म्हणजे धोका टळला असें नाहीं; उलट खरा धोका तेथून पुढें. ताज्या फुलाचें सुमारें तीन-चतुर्थांश वजन नुसत्या पाण्याचें असतें, त्यामुळें तें तसेंच ढीग घालून ठेवतां येत नाहीं. अंगणांत सारवलेल्या जमिनीवर पातळ पसरून त्याला तीन-चार दिवस कडक ऊन द्यावें लागतें. मग तें आकसतें, तांबूस तपकिरी होतें, मनुक्यासारखें दिसूं लागतें. वाळलेल्या फुलाचें निम्मेंअधिक वजन साखरेचें भरतें. एप्रिलच्या उन्हांत हें काम फारसें कठीण नाहीं. या भागाचें ऊन पुढें मे महिन्यांत ४५ अंशांवर जाणारें आहे. परंतु त्याच दिवसांत एखादी वळिवाची सर येते, दोन दिवस सूर्य दिसत नाहीं, आणि अंगणांतला ढीग आंबूं लागतो. फूल काळें पडतें, आंबूस वास सुटतो. व्यापारी त्याला हात लावीत नाहीं, किंवा पडेल भावांत घेतो. घरांतही तें कोणी लाडवाला घेत नाहीं. असें फूल बहुधा भट्टीला जातें.

या गोष्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. त्या फुलाचें अन्न व्हावयाचें कीं दारू, हा निकाल पुष्कळ वेळां माणसाच्या हातीं राहत नाहीं. वेचणीनंतरच्या चार दिवसांतलें आभाळ तो देऊन टाकतें.

चांगलें वाळलेलें फूल मात्र वर्षभराचा सांठा होतें. तें भाजून, कुटून, त्यांत तीळ किंवा जवस घालून लाडू करतात, उकडून खातात, पिठांत मिसळून भाकरी करतात. पावसाळ्यांत तें हवेंतली ओल ओढून घेतें व चिकट होतें, म्हणून कोरड्या जागीं, शक्य तर चुलीच्या उबेला ठेवावें लागतें. या दारिद्र्यांतही एक शास्त्र आहे, व तें पिढ्यानपिढ्या बायकांच्या हातीं राहिलें आहे.

दारूलाही हेंच शास्त्र लागू. फुलें पाण्यांत भिजत घालून जें आंबवण करतात त्याला इकडे सडवा म्हणतात. उन्हाळ्यांत तो तीन-चार दिवसांत तयार होतो, पण एक दिवस जास्त राहिला कीं आंबट होऊन फुकट जातो. पौषाच्या थंडींत त्याला आठवडा किंवा अधिक लागतो. पुढें मडक्यांत तापवून वाफ धरावयाची, तर वरच्या भांड्यांतलें पाणी जितकें गार तितकी ती चांगली धरते. म्हणून भट्टी वाहत्या नाल्याच्या कांठीं. गोंड व माडिया घरांत जन्म, लग्न, मरण व देवकार्य यांपैकीं कोणताही विधि या दारूच्या चार थेंबांवांचून पुरा होत नसे. आणि नव्या मोसमाचें फूल देवाला दाखविल्याखेरीज तोंडांत टाकावयाचें नाहीं, अशी चाल आहे. यज्ञांत सोम चालत होता हें अभिमानानें सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनीं या चालीला नाक मुरडणें आम्हांस तरी शोभत नाहीं असें वाटतें.

आतां हा मोसम वर्षाच्या कोणत्या जागीं येतो तें पहा. वैनगंगेच्या कांठचा हा प्रदेश भाताचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं बांधलेल्या तलावांवर येथील शेती पोसली गेली. भात मार्गशीर्षापर्यंत घरांत येतें. ज्याची जमीन थोडी, किंवा मुळींच नाहीं, त्याची कणगी होळीच्या सुमारास तळ दाखवूं लागते. आणि नेमकें तेव्हां मोहाचें फूल गळतें. तें वाळवून ठेवलें तर आषाढ-श्रावणांत, जेव्हां शेतांत राबणूक सर्वांत जास्त व घरांत धान्य सर्वांत कमी, तेव्हां उपयोगीं पडतें. जूनच्या पुढेंमागें त्याच झाडाचीं फळें पिकतात. त्यांना इकडे टोळ म्हणतात, व बियांच्या तेलावर स्वयंपाक व दिवा दोन्ही चालत. शिवाय मोहाचीं मुळें खोल जातात. एखाद्या वर्षीं पाऊस ओढल्यानें भात बुडालें म्हणून पुढच्या चैत्रांत मोहही बुडेलच, असें नाहीं. मध्यप्रांतावर १८९६-९७ व १८९९-१९०० सालीं जे दोन भयंकर दुष्काळ कोसळले, त्यांत रानांतल्या कंदमुळांबरोबर मोहाच्या फुलानें किती जीव तगविले याचा हिशोब कोणत्याच वहींत सांपडावयाचा नाहीं. या कारणास्तव शेत करतांना सारें रान तोडणारा मनुष्यही बांधावरचा मोह राखीत असे.

राज्यकर्त्यांच्या वह्या निराळ्या होत्या. चांद्याच्या गोंड राजांचें राज्य १७५१ त भोसल्यांकडे गेलें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी वारले व पुढच्याच वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. इंग्रजी अंमलांत अबकारी हें उत्पन्नाचें एक मोठें कलम होतें. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावानें कलालांस मिळे, व ज्याच्या अंगणांत फुलें वाळत त्याची घरची भट्टी बहुतेक ठिकाणीं गुन्हा ठरे. १८७८ च्या जंगल कायद्यानें आणि पुढें १९२७ च्या कायद्यानें रानांतल्या इतर जिनसांप्रमाणें हें फूलही सरकारी नियमांखालीं आलें. मध्यप्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा.

मुंबई इलाख्यानें याच्याही पुढें पाऊल टाकलें. तेथें १८७८ सालीं अबकारी कायदा झाला. तरी ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत चोरून गाळणें थांबेना. तेव्हां १८९२ सालीं खुद्द फुलावरच कायदा करण्यांत आला. त्याचें नांवच मोहाचा कायदा! दारू बाळगणें गुन्हा, हें समजूं शकतें. पण झाडावरून आपोआप पडलेलें फूल वेचून घरांत ठेवणें हा गुन्हा, हें समजण्यास इंग्रजी शिक्षण असावें लागतें. स्वातंत्र्यानंतर हीच दृष्टि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यांत उतरली, व त्यांत उसाच्या मळीच्या पंक्तीला मोहाचें फूल बसलें. विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि चांद्याच्या रानांतील फुलालाही ती पंगत लाभली.

या कायद्यांत एक मूळचीच उणीव आहे. त्यांनीं फुलाला बारमाही वस्तु मानलें. अमुक शेर बाळगावें, अमुक परवान्यानें न्यावें, हें लिहितांना फूल वीस-पंचवीस दिवसांतच येतें, चार दिवसांत वाळवावें लागतें, आणि खाणाऱ्याला त्याची खरी गरज चार महिन्यांनंतर लागते, हें कोणीं ध्यानांत घेतलें नाहीं. सांठा करणें संशयास्पद झाल्यावर लोकांनीं काय करावें? जें वाळेल तें लागलींच आठवडी बाजारांत नेऊन, मीठमिरची व कापड घेऊन मोकळें व्हावें. चैत्रांत सगळ्यांचेंच फूल बाजारांत, म्हणून भाव पडलेला. आणि सांठवणीची कोठारें व्यापाऱ्याचीं. तेंच फूल पावसाळ्यांत, चढ्या दरानें, पुनः विकणाऱ्याच्याच दारांत येई. ऋतूनें जें संकटासाठीं दिलें होतें तें संकटाच्या वेळीं घरांत नसे.

येथें कोणी म्हणेल कीं, दारूचें काय? तो प्रश्न टाळण्याची आमची इच्छा नाहीं. गडचिरोलींत दारूविरुद्ध मोठी चळवळ झाली व १९९३ पासून जिल्ह्यांत दारूबंदी आली. चंद्रपुरांत ती १ एप्रिल २०१५ पासून होती व २०२१ सालीं उठली. या चळवळींत बायकांचा पुढाकार होता, आणि तो योग्यच होता. पहांटे फुलें वेचणारीनेंच रात्रीं नवऱ्याचा मार खावा, यासारखी विटंबना नाहीं. विधीचे चार थेंब निराळे व ठेकेदाराच्या गुत्त्यावरची रोजची बाटली निराळी, हें ती बाई कोणत्याही कायदेपंडितापेक्षां चांगलें जाणते. पण तिची तक्रार बाटलीविरुद्ध होती. फुलाविरुद्ध तिनें तक्रार केल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

इंग्लंडच्या चीजाचें पुढें काय झालें तेंही येथें सांगितलें पाहिजे. सॉमरसेटमधील मार्क्सबरीचा जोसेफ हार्डिंग (१८०५-१८७६) यानें चेडर चीज करण्याच्या कामांत स्वच्छता व उष्णतामापक आणला; ऋतूच्या लहरीला त्यानें लगाम घातला, पण ऋतु पुसला नाहीं. पुसण्याचें काम कारखान्यानें केलें. १८५१ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील रोम गांवीं जेसी विल्यम्स यानें शेजारपाजारचें दूध एकत्र करून चीज करणें सुरू केलें. १८७० सालीं डर्बीशायरांत तसा कारखाना निघाला. मग दुसरें महायुद्ध आलें. १९४१ ते १९५४ पर्यंत चीज शिधापत्रिकेवर मिळे, आणि युद्धकाळांत बहुतेक दूध एकाच टिकाऊ नमुन्याच्या चीजाकडे वळविण्यांत आलें. लोक त्याला सरकारी चेडर म्हणत. उपाशी मुलांच्या तोंडीं सारखा घांस पडावा म्हणून हें केलें, त्यांत दुष्टावा कांहींच नव्हता. तरी शेतवाड्यांवरची ती कला इतकी खचली कीं सांवरण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. आज तेथील कांहीं शेतकरी पुनः आपल्याच गाईंच्या दुधाचें चीज करतात, आणि उन्हाळी गवतावरच्या चीजास गिऱ्हाईक अधिक पैसे मोजतें. तेथें निदान घडलेली हानि हानि म्हणून नोंदली गेली.

आपल्याकडे नोंद उशिरां, पण होऊं लागली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजांवर रानांत राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला, व त्यान्वयें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळाला. वाळलेल्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोस १७ रुपये होती, ती २०२० सालीं ३० झाली. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें फुलांचें संकलन, सांठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. त्याच वर्षीं शेजारच्या छत्तीसगडांतील कोरब्याहून वाळविलेलीं मोहफुलें जहाजानें फ्रान्सला रवाना झालीं. १८९२ च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यास ही बातमी कळली असती तर!

कागदावरची अडचण अशी ओसरली. अंगणांतली तशीच आहे. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करण्याची जुनी रीत आहे, तींतून वणवे लागतात व वनखात्याशीं भांडणें होतात. झाडाखालीं जाळी बांधली तर फूल मातीला लागत नाहीं आणि आग लावावी लागत नाहीं. कांहीं ठिकाणीं ती बांधूं लागले आहेत. वाळवणाला मात्र अजून ऊन हेंच एक साधन. खानदेश-वऱ्हाडांत गारपिटीनें गहू-हरभऱ्याचें नुकसान झालें कीं पंचनामे होतात व नुकसानभरपाईची चर्चा होते. अंगणांत वाळत घातलेल्या फुलांचा पंचनामा कोण करणार? तें कोणाच्या सातबाऱ्यावर नाहीं. पाऊस आला कीं बाई धांवत जाऊन फूल गोळा करते व ओटीवर आणून पसरते. ओटी लहान पडते. मग उरलेलें खाटेखालीं, चुलीशेजारीं, जेथें जागा दिसेल तेथें. दुसऱ्या दिवशीं ऊन पडलें तर त्यांतलें निम्में वांचतें.